डोळ्यातले इंजेक्शन आणि डोळ्याचा दाब

दृष्टीविषयी आपली कल्पना फार ढोबळ असते. दिसते किंवा दिसत नाही, एवढेच आपण जाणतो. वस्तुतः डोळा एकाच वेळी दोन निरनिराळी कामे करीत असतो. एक काम निरखण्याचे आणि दुसरे भान राखण्याचे. पोथीतली ओळ वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा टिपणे, नातवाच्या चेहऱ्यावरचे हसू ओळखणे ही निरखण्याची कामे होत. ती दृष्टीच्या मध्यभागाने होतात. जिना उतरताना पायरीचा अंदाज घेणे, रस्ता ओलांडताना बाजूने येणारी स्कूटर मान न वळवता टिपणे, दारातून जाताना चौकटीला खांदा न लागू देणे ही भान राखण्याची कामे होत. ती दृष्टीच्या कडेने होतात. मध्य गेला तर माणसाला चालता येते, पण वाचता येत नाही. कड गेली तर वाचता येते, पण चालताना पावलोपावली ठेच लागते.

म्हातारपणी डोळ्याला जे विकार जडतात त्यांपैकी दोन ह्या दृष्टीने एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक वार्धक्यजन्य पीतबिंदूचा ऱ्हास. तो दृष्टीचा मध्य खातो. दुसरा काचबिंदू, तो बहुधा कडेपासून सुरुवात करतो. पहिल्या विकारावर आज डोळ्यात इंजेक्शन देण्याचा उपचार उपलब्ध आहे आणि त्याने पुष्कळांचे वाचन, स्वयंपाक, सही करणे शाबूत राखले आहे. मात्र ह्या उपचारामुळे डोळ्यातला दाब काही वेळ वाढतो, आणि थोड्या लोकांत तो वाढलेलाच राहतो. वाढलेला दाब ही काचबिंदूची वाट होय. मध्य वाचवताना कडेचा विसर पडू नये, एवढेच आजच्या भाषणाचे सूत्र आहे.

दिल्लीच्या दक्षिण भागातील लक्ष्मीबाई नगरासारख्या वसाहतीत हा विषय पुस्तकी राहत नाही. ही केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत. एका बाजूस आयएनएचा बाजार आणि थोड्याच अंतरावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. सरकारी क्वार्टरांत नोकरी करणाऱ्या माणसाबरोबर त्याचे आईवडीलही गावाहून येऊन राहिलेले असतात. कोणी नागपूरकडचे, कोणी साताऱ्याकडचे, कोणी बिहारचे, कोणी गढवालचे. भाषा निराळ्या, पण वयाची दुखणी तीच. आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारातच पहिल्या राष्ट्रपतींच्या नावाचे डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्र आहे. ते १० मार्च १९६७ रोजी स्थापन झाले आणि देशातील अंधत्व-निवारणाच्या कार्यात त्याचे स्थान अग्रभागी आहे. केंद्र सरकारच्या नोकरांची आरोग्य योजनाही १९५४ साली प्रथम दिल्लीतच सुरू झाली. म्हणजे वैद्यकीय साहाय्य घरापासून लांब नाही. असे असूनही, इंजेक्शन कशासाठी आणि दाब कशासाठी मोजतात हे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना समजलेले नसेल, तर साहाय्य जवळ असूनही अर्धेच पदरात पडते.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्याच्या मध्यभागी पिवळसर झाक असलेली, जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंदीची जागा आहे; तिला पीतबिंदू म्हणतात. बारीक पाहण्याचे सारे काम ह्या इवल्या जागेवर सोपवलेले आहे. वय वाढते तसा हा भाग काही लोकांत झिजू लागतो. ह्या झिजेचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात पेशी हळूहळू विरत जातात. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असल्याने पाझरतात, त्यांतून द्रव व रक्त साचते आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात, अक्षरांच्या मधोमध डाग येतो. ओला प्रकार संख्येने कमी आढळतो. पण उपचार नसताना दृष्टीची मोठी हानी त्यानेच होत असे.

ह्या नव्या रक्तवाहिन्यांना वाढीचा हुकूम देणारे एक प्रथिन शरीरात तयार होते. ते १९८९ साली ओळखले गेले आणि त्याला अडवणारी औषधे पुढे निघाली. त्यांपैकी रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वर्षाअखेर, औषध मिळालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ९५ जणांची दृष्टी तक्त्यावरील तीन ओळींइतकी घसरली नाही. औषध न मिळालेल्यांत हेच प्रमाण सुमारे ६२ होते. कर्करोगासाठी निघालेले बेव्हासिझुमॅब हे औषधही डोळ्यात देण्याची प्रथा २००५ पासून पडली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दृष्टीच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले. त्याची किंमत पुष्कळच कमी असल्याने आपल्यासारख्या देशात त्याचा प्रसार झाला. अफ्लिबरसेप्ट २०११ साली आले, फॅरिसिमॅब २०२२ साली आले. रॅनिबिझुमॅबची भारतीय प्रतिकृतीही २०१५ पासून मिळू लागली.

ही औषधे रोगाचे मूळ उपटून टाकीत नाहीत, केवळ त्याला आवर घालतात. औषधाचा असर ओसरला की रक्तवाहिन्या पुन्हा पाझरू लागतात. म्हणून इंजेक्शने आरंभी दरमहा आणि पुढे एक, दोन वा तीन महिन्यांच्या अंतराने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. एकेका रुग्णाच्या नावावर वीस, तीस, चाळीस इंजेक्शने सहज जमा होतात. एकदा दिलेल्या सुईचा विचार वेगळा आणि चाळीस वेळा दिलेल्या सुईचा वेगळा. दाबाचा प्रश्न येथूनच उभा राहतो.

आता हा दाब म्हणजे काय? डोळा हा द्रवाने भरलेला, बंद आणि ताठ वेष्टनाचा गोल आहे. त्याच्या मागच्या मोठ्या पोकळीत पारदर्शक गरासारखा काचाभ द्रव असतो. तो सुमारे चार मिलिलिटर, म्हणजे एका चहाच्या चमच्याहूनही कमी. पुढच्या लहान पोकळीत पाण्यासारखा पातळ द्रव असतो. हा पातळ द्रव स्थिर नाही. तो वाहता आहे. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागील एक लहानसे इंद्रिय तो मिनिटाला साधारणपणे दोन ते तीन मायक्रोलिटर ह्या गतीने निर्माण करते, तो बाहुलीतून पुढे येतो आणि कोपऱ्यातल्या एका बारीक जाळीतून पाझरून रक्तात मिसळतो. घरातील हौदाचा नळ आणि त्याची मोरी ह्यांचा मेळ असावा तसा येथे आवक-जावक ह्यांचा मेळ असतो. मोरी तुंबली की पाण्याची पातळी चढते. जाळी तुंबली की डोळ्याचा दाब चढतो. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी माणसांत तो सामान्यतः १० ते २१ ह्यांच्या दरम्यान असतो. २१ हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. काहींची मज्जा त्याहून कमी दाबातही झिजते, तर काही जण त्याहून अधिक दाब निर्धास्तपणे सोसतात. तरीही दाब जितका चढा व जितका दीर्घकाळ, तितका धोका अधिक, हा नियम खरा आहे.

धोका असतो तो दृष्टिमज्जेला. दृष्टिपटलावरून निघालेले दहा लाखांहून अधिक तंतू एकत्र होऊन डोळ्याच्या मागच्या बाजूने मेंदूकडे जातात. जेथून ते बाहेर पडतात तेथे भिंत नाजूक आहे. चढलेला दाब ह्या जागेला रेटतो, तिचा रक्तपुरवठा कमी करतो आणि तंतू एकेक करून मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. काचबिंदूवरील कोणताही उपचार गेलेले परत आणण्यासाठी नसतो. राहिलेले राखण्यासाठी असतो.

इंजेक्शनाने वाढणारा दाब दोन प्रकारचा आहे, आणि त्या दोहोंची गल्लत करू नये. पहिला तात्काळ वाढणारा. बहुतेक औषधांची मात्रा ०.०५ मिलिलिटर असते, म्हणजे ५० मायक्रोलिटर. साध्या भाषेत, पाण्याचा एक थेंब. एका थेंबाने काय होणार, असे कोणासही वाटेल. पण भरलेल्या आणि न ताणणाऱ्या भांड्यात थेंबालाही जागा करावी लागते. त्यामुळे सुई बाहेर येताच डोळ्याचा दाब एकदम चढतो; तो ४० वा त्याहूनही वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. मग तो उतरतो कसा, हेही हिशेबाने समजते. डोळ्यात पन्नास मायक्रोलिटर द्रव तयार होण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. तितकाच द्रव जाळीतून बाहेर गेला की आत आलेल्या थेंबाची भरपाई होते, आणि दाब चढलेला असताना पाझरणे अधिक वेगाने चालते. म्हणूनच बहुतेक रुग्णांत अर्ध्या तासाच्या आत दाब ३० च्या खाली येतो आणि पुढे पूर्ववत होतो.

काही रुग्णांना सुईनंतर क्षणभर डोळ्यापुढे अंधारल्यासारखे होते. दाबामुळे दृष्टिपटलाचा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता मंदावल्याचे ते चिन्ह असू शकते. इंजेक्शन दिल्याबरोबर डॉक्टर डोळ्यापुढे हात हालवतात किंवा “बोटे किती?” म्हणून विचारतात, ते ह्याचसाठी. तो उपचाराचा शेवटचा आणि महत्त्वाचा भाग आहे. उत्तर घाईने वा अंदाजाने देऊ नये. दिसत नसेल तर दिसत नाही असे स्पष्ट सांगावे, कारण तेव्हा डॉक्टरांना पुढच्या बाजूचा थोडा द्रव काढून दाब ताबडतोब उतरवता येतो. मात्रा बरोबर असण्यालाही येथे मोठे महत्त्व आहे. औषध आधीच भरून आलेल्या सिरिंजमधून जादा द्रव आत गेल्यास दाब अधिक चढतो, अशी सूचना युरोपातील औषध-नियामकांनी अफ्लिबरसेप्टच्या संदर्भात २०२१ साली दिली होती. अमेरिकेत २०२३ साली कोरड्या प्रकारातील प्रगत झिजेसाठी जी दोन औषधे मान्य झाली, त्यांची मात्रा ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब आहे. तेव्हा तेथे हा विचार अधिकच करावा लागतो.

धडधाकट मज्जेला अशी अर्ध्या तासाची चढण सहसा बाधत नाही. परंतु ज्याची मज्जा काचबिंदूने आधीच पोखरली आहे, त्याच्या बाबतीत प्रत्येक चढण ही मोडकळीस आलेल्या पुलावरून जाणाऱ्या गाडीसारखी असते. अशा रुग्णाला इंजेक्शनापूर्वी दाब उतरवणारे थेंब घालणे, क्वचित आधीच थोडा द्रव काढून जागा करणे, आणि घरी पाठवण्यापूर्वी दाब पुन्हा मोजणे हे उपाय नेत्रतज्ज्ञ योजू शकतात. ते योजण्यासाठी मात्र काचबिंदू असल्याचे आधी ठाऊक असावे लागते.

दुसऱ्या प्रकारची वाढ सावकाश येते आणि मुक्काम करते. २००८ सालापासून अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली, ज्यांचा दाब पूर्वी साधारण होता, पण अनेक इंजेक्शनांनंतर तो चढला आणि पुढच्या भेटीलाही चढलेलाच आढळला. आरंभी हा योगायोग असेल असेही काहींना वाटले. पुढे अधिक शिस्तीने मोजमापे झाली. अमेरिकेतील एका बहुकेंद्री चाचणीचे विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील रुग्ण मधुमेहामुळे पीतबिंदूला सूज आलेले होते आणि त्यांना आधी काचबिंदू नव्हता. तीन वर्षांत दाब टिकून चढण्याची किंवा दाबावर औषध सुरू करावे लागण्याची शक्यता रॅनिबिझुमॅब मिळालेल्यांत ९.५ टक्के, तर नुसता इंजेक्शनाचा आभास दिलेल्यांत ३.४ टक्के आढळली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील २०१७ च्या अभ्यासात, वर्षाला सात वा अधिक बेव्हासिझुमॅबची इंजेक्शने घेणाऱ्यांत काचबिंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ येण्याचे प्रमाण कमी इंजेक्शने घेणाऱ्यांच्या मानाने सुमारे अडीचपट निघाले. ह्या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. शंभरांतील नव्वदांच्या वर लोकांना हा त्रास होत नाही, हे खरे. आणि ज्यांना होतो त्यांना तो आपोआप कळत नाही, हेही तितकेच खरे.

दाब का टिकून राहतो ह्याची अनेक कारणे पुढे आली आहेत आणि ती परस्परांना वगळणारी नाहीत. वारंवार चढणाऱ्या दाबाने जाळीलाच इजा होत असावी, हे एक. औषधातील प्रथिनांचे कण एकत्र येऊन जाळीत अडकत असावेत, हे दुसरे. मोठ्या बाटलीतले औषध लहान सिरिंजमध्ये वाटून ठेवताना हाताळणी चुकली तर असे कण वाढू शकतात. तिसरे कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा दट्ट्या सुरळीत सरकावा म्हणून तिच्या आतल्या अंगाला सिलिकॉन तेलाचा हात दिलेला असतो. हवेचा बुडबुडा काढण्यासाठी सिरिंजला टिचक्या मारण्याची सवय सर्वत्र आहे. पण त्या टिचक्यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब सुटतात आणि औषधाबरोबर डोळ्यात जातात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. काही रुग्णांना इंजेक्शनानंतर दीर्घकाळ गोल बुडबुडे तरंगताना दिसतात, ते पुष्कळदा ह्या तेलाचे असतात. यासाठी तेलविरहित सिरिंज वापरावी, टिचक्या मारू नयेत, अशी सुधारणा सुचवली गेली आहे. लहानशा सवयीचा केवढा परिणाम असू शकतो ह्याचे हे उदाहरण आहे.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण शेजारीपाजारी बोलताना तो हटकून हरवतो. डोळ्यात दिले जाणारे प्रत्येक इंजेक्शन एकाच जातीचे नसते. मधुमेहाची सूज किंवा शिरेतील अडथळा ह्यांसाठी काही वेळा स्टेरॉइड जातीचे औषध आत सोडतात. स्टेरॉइडने दाब वाढण्याचे प्रमाण फारच मोठे आहे. तो काही आठवड्यांनी चढतो आणि काही महिने टिकू शकतो. तेव्हा समोरच्या ब्लॉकमधल्या आजोबांचा दाब इंजेक्शनाने चढला एवढ्या ऐकीव बातमीवर आपल्या आजींनी आपले इंजेक्शन टाळणे शहाणपणाचे नाही. आजोबांना कोणते औषध दिले होते, हा प्रश्न आधी विचारावा.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे वळतो. हा दाब मुका आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांत ‘अधिमंथ’ नावाचा एक आहे, ज्यात डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना होते. दाब एकाएकी भडकणाऱ्या काचबिंदूशी त्याची तुलना करण्यात येते. पण सावकाश चढलेल्या दाबात घुसळण नाही, लाली नाही, दुखणे नाही. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दर दहा जणांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे ह्याचा पत्ताच नव्हता. हीच माणसे उद्या पीतबिंदूच्या विकाराने आजारी पडून इंजेक्शनाच्या टेबलावर येतात, आणि आपल्याला दुसरा रोग नाही असे प्रामाणिकपणे सांगतात.

त्यातून मौज अशी की पीतबिंदूच्या रुग्णाची जी परीक्षा नेहमी होते, तिच्या नजरेतून ही हानी निसटून जाते. तक्त्यावरची अक्षरे वाचणे ही मध्याची परीक्षा. पीतबिंदूची जाडी दाखवणारी चित्रफीत हीही मध्याचीच. घरी भिंतीवर लावलेल्या चौकटींच्या कागदाकडे एकेका डोळ्याने पाहून रेषा वाकड्या दिसतात का हे तपासतात, तीदेखील मध्याचीच. दोन ओळी जास्त वाचता आल्या की घरात आनंद होतो, आणि तो रास्तही असतो. पण तक्ता कडेविषयी एक अक्षर बोलत नाही. कडेची दृष्टी आतून हळूहळू आक्रसत जावी आणि तक्त्यावरील गुण मात्र चांगले यावेत, असे वर्षानुवर्षे चालू शकते. दाबाची साधी घरगुती परीक्षा नाही. बोटाने डोळा चाचपून त्याचा काही अंदाज लागत नाही. दाब यंत्रानेच मोजावा लागतो, मज्जा डॉक्टरांनीच आत डोकावून पाहावी लागते आणि कडेची दृष्टी तपासण्यासाठी निराळी चाचणी करावी लागते.

शिवाय मोठ्या रुग्णालयांत दृष्टिपटलाचा विभाग एका बाजूस आणि काचबिंदूचा दुसऱ्या बाजूस असतो. हे श्रमविभाजन ज्ञानाच्या वाढीमुळे अपरिहार्य झाले आहे. पण जे काम दोन विभागांच्या सीमेवर पडते ते दोघांच्याही मेजावर नसते, हा अनुभव सरकारी कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही नवा नाही. अशा वेळी फाईल जोडून ठेवणे हाच उपाय. रुग्णाच्या बाबतीत ती फाईल त्याच्याच पिशवीत असते, आणि तिचा खरा रखवालदार तो स्वतः किंवा त्याच्याबरोबर आलेला मुलगा, सून वा मुलगी.

म्हणून काही गोष्टी व्यवहारात आणाव्यात. पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा आणि दृष्टिमज्जा कशी आहे हे विचारावे. घरात आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास ते न विचारताही सांगावे. हा रोग कुटुंबात उतरतो. दमा, सांधेदुखी किंवा त्वचारोग ह्यांसाठी स्टेरॉइडची गोळी, फवारा वा मलम चालू असेल तर तेही सांगावे. एका साध्या वहीत प्रत्येक वेळी पाच गोष्टी टिपाव्यात : तारीख, कोणता डोळा, औषधाचे नाव, कितवे इंजेक्शन आणि इंजेक्शनापूर्वीचा दाब. चार-सहा नोंदी जमल्या की आकडे स्वतःच बोलू लागतात. १४, १५, १४ असा दाब पुढे १९, २२, २४ होऊ लागला, तर एकेका भेटीत क्षुल्लक वाटणारी गोष्ट एका ओळीत लिहिल्यावर क्षुल्लक राहत नाही. एकाच डोळ्याला इंजेक्शन चालू असेल तर दुसऱ्या डोळ्याचा दाबही लिहावा. दोहोंतली तफावत हीच मोठी साक्ष असते. आणि ज्यांची इंजेक्शने वर्षानुवर्षे चालू आहेत त्यांनी कडेच्या दृष्टीची तपासणी केव्हा करावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावे.

काही लक्षणे मात्र वहीत लिहून थांबण्याजोगी नाहीत. इंजेक्शनानंतरच्या दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाल झाला, नजर एकदम मंदावली, प्रकाश सोसेना, डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हजारो इंजेक्शनांमागे एखाद्या वेळी डोळ्याच्या आत जंतूंचा संसर्ग होतो. तेथे तासांचे महत्त्व असते. सुईच्या जागी पांढऱ्या भागावर आलेला लाल डाग, थोडी खुपखुप, एखादा तरंगणारा ठिपका, हे मात्र सहसा आपोआप शमणारे आहे.

दाब चढलेला आढळला तर काय करतात? बहुतेक वेळा थेंबांनी तो आटोक्यात येतो. थेंब पुरेनासे झाले तर लेसर, आणि क्वचित शस्त्रक्रिया. औषध बदलणे किंवा दोन इंजेक्शनांतील अंतर, पीतबिंदू कोरडा राहत असेल तर, वाढवणे हाही एक मार्ग आहे. परंतु हा तोल सांभाळण्याचे काम डॉक्टरांचे. रुग्णाने घाबरून आपल्या मनाने इंजेक्शने बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही. ओल्या प्रकारात पाझर पुन्हा सुरू झाला तर काही आठवड्यांतच मध्यावर व्रण पडू शकतो, आणि तो पुसता येत नाही. दाबाची हानी बहुधा सावकाश होते आणि ती वेळीच रोखण्याची साधने हाताशी आहेत. एका बाजूस घाईचा शत्रू आहे, दुसऱ्या बाजूस सबुरीचा. घाईच्या शत्रूशी झुंजताना सबुरीच्या शत्रूवर पहारा ठेवायचा, एवढाच शहाणपणा येथे हवा आहे.

आपल्याकडे वृद्ध माणसे कुरकुर करीत नाहीत. मुलाचा कामाचा दिवस मोडतो, सुनेला रजा घ्यावी लागते, ह्या संकोचाने ती डॉक्टरांपुढे “ठीक आहे” एवढेच म्हणतात. अलीकडे आई डाव्या बाजूला ठेवलेला पेला वारंवार सांडते, आयएनएच्या बाजारात गर्दीत बाजूने येणाऱ्या माणसाला धडकते, संध्याकाळी जिन्याचा कठडा सोडीत नाही, ह्या गोष्टी घरच्यांच्या ध्यानात येतात. पण त्या वयावर घातल्या जातात. त्या डॉक्टरांना सांगाव्यात. वय हे अनेक गोष्टींचे कारण असते खरे, परंतु ते तपासणी न करण्याचे कारण असू नये. ज्या उपचाराने आजीला पुन्हा पोथी वाचता येऊ लागली, त्याच उपचाराबरोबर दोन मिनिटांचे दाबाचे मोजमाप झाले, तर पोथी वाचून झाल्यावर देवळापर्यंतची वाटही तिला दिसत राहील.